एफएमआरआय: रक्तावरून मेंदूकडे

वर्तमानपत्रात मेंदूचे करडे चित्र छापून येते, त्यावर एक लालपिवळा ठिपका असतो आणि खाली लिहिलेले असते की भीती, श्रद्धा किंवा प्रेम मेंदूत इथे उमटते. असे चित्र बहुधा फंक्शनल एमआरआयने, म्हणजे एफएमआरआयने, मिळवलेले असते. गेल्या तीस वर्षांत मेंदूविषयीची लोकांची कल्पना घडवण्यात या तंत्राचा फार मोठा वाटा आहे. म्हणून ते नेमके काय मोजते हे नीट समजून घ्यायला हवे. एफएमआरआय विचार मोजत नाही आणि चेतापेशींमधली वीजही मोजत नाही. रक्तातल्या ऑक्सिजनमुळे चुंबकीय संकेतात होणारा बारीकसा बदल तेवढा ते टिपते. यामुळे त्याचे मोल कमी होत नाही. मात्र त्याची साक्ष किती भरवशाची, हे चुंबकाच्या ताकदीपेक्षा प्रयोगकर्त्याने काय आणि कसे विचारले यावर ठरते.

ऑक्सिजन सोडून दिलेले हिमोग्लोबिन चुंबकाकडे किंचित ओढले जाते, ऑक्सिजन धरून असलेले ओढले जात नाही, हे लायनस पॉलिंग आणि चार्ल्स कॉरिएल यांनी १९३६ सालीच दाखवले होते. १९९० साली अमेरिकेतल्या बेल लॅबमध्ये सेइजी ओगावा यांनी हाच फरक उंदीरवर्गीय प्राण्यांच्या मेंदूत एमआरआयने टिपला आणि १९९२ साली माणसांवरचे निबंध प्रसिद्ध झाले. शिरेतून कोणतेही द्रव्य न टोचता, किरणोत्साराचा धोका न पत्करता काम करणारा मेंदू पाहता येऊ लागला, हे फार मोठे यश होते. मेंदूचे वजन शरीराच्या सुमारे दोन टक्के, पण शरीराची वीस टक्के ऊर्जा तो खातो. एखाद्या भागातल्या पेशी कामाला लागल्या की तिकडे रक्त वाढते, तेही लागणाऱ्या ऑक्सिजनपेक्षा जास्तच. त्यामुळे तिथले ऑक्सिजनहीन हिमोग्लोबिन घटते आणि संकेत जेमतेम काही टक्क्यांनी वाढतो. पण पेशीचा विद्युतस्पंद एका मिलिसेकंदात संपतो, तर रक्ताची भरती शिगेला पोचायला पाच-सहा सेकंद लागतात. शिवाय चित्रातला सर्वांत लहान घन साधारण तीन मिलिमीटरचा असतो आणि त्यात लाखो पेशी असतात. त्या पेशी एकमेकींना चेतवत आहेत की आवरत आहेत, हे नुसत्या रक्तावरून सांगता येत नाही.

मग या संकेतावर विश्वास का ठेवायचा? याचे उत्तर निकोस लोगोथेटिस यांच्या २००१ सालच्या प्रयोगात सापडते. त्यांनी माकडांच्या दृष्टिकेंद्रात इलेक्ट्रोड बसवून वीज आणि एफएमआरआय दोन्ही एकाच वेळी नोंदले. रक्ताचा संकेत पेशींच्या स्थानिक विद्युतक्षेत्राशी चांगला जुळला. म्हणजे नाते खरे आहे, फक्त ते सरळ नाही. खरी अडचण पुढे, गणितात येते. एका स्कॅनमध्ये असे हजारो घन असतात आणि प्रत्येकाची वेगळी चाचणी घेतली तर निव्वळ योगायोगानेही काही उजळतात. क्रेग बेनेट आणि सहकाऱ्यांनी २००९ साली मेलेल्या सॅमन माशाला स्कॅनरमध्ये ठेवून माणसांची छायाचित्रे दाखवली. योगायोगाची वजावट न करता आकडेमोड केली तेव्हा त्या माशाच्या मेंदूतही ‘सक्रिय’ ठिपके निघाले. वजावट केल्यावर ते गेले. यावरून तंत्रच खोटे ठरवणारे लोक या गोष्टीचा उत्तरार्ध विसरतात. तरीही सगळे ठाकठीक आहे असे नाही. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात सत्तर संशोधक गटांना एकच माहितीसंच आणि तीच नऊ गृहीतके दिली होती. कोणत्याही दोन गटांनी विश्लेषण तंतोतंत एकाच रीतीने केले नाही आणि काही गृहीतकांवर त्यांचे निष्कर्ष परस्परविरुद्ध निघाले.

चांगला प्रश्न विचारला तर हेच यंत्र काय करू शकते, हे एड्रियन ओवेन यांच्या कामात दिसते. २००६ साली केंब्रिजमध्ये त्यांनी एका तेवीस वर्षांच्या स्त्रीचा अभ्यास केला. अपघातानंतर ती डोळे उघडे, पण कशालाही प्रतिसाद नाही अशा अवस्थेत होती. तिला सांगितले गेले, टेनिस खेळत असल्याची कल्पना कर. मग, स्वतःच्या घरातल्या खोल्यांतून फिरत असल्याची कल्पना कर. हे दोन प्रश्न फार विचारपूर्वक निवडलेले होते, कारण पहिल्याने हालचालींच्या नियोजनाचा भाग जागा होतो, दुसऱ्याने जागेची ओळख ठेवणारा, आणि दोन्ही एकमेकांपासून दूर आहेत. तिच्या मेंदूत निरोगी माणसांसारखेच चित्र उमटले. आक्षेप लगेच आला: ‘टेनिस’ हा शब्द ऐकून मेंदू आपोआप चाळवला नसेल कशावरून? हा आक्षेप रास्त होता, पण शब्दाचा आपोआप उमटणारा पडसाद थोडाच वेळ टिकतो. इथे मात्र प्रतिसाद तीस सेकंद, थांबायला सांगेपर्यंत चालू होता. पुढे २०१० साली केंब्रिज आणि बेल्जियममधल्या लिएज इथल्या चोपन्न रुग्णांपैकी पाच जणांना मेंदूची क्रिया सूचनेनुसार बदलता आली. त्यांतल्या एकाने टेनिस म्हणजे ‘हो’ आणि घर म्हणजे ‘नाही’ अशा पद्धतीने वडिलांच्या नावासारख्या साध्या प्रश्नांची उत्तरेही दिली. बाकीच्यांना जाणीव नव्हती असे मात्र यातून सिद्ध होत नाही, कारण उत्तर न मिळण्याची कारणे अनेक असू शकतात.

प्रश्न आणि पुरावा यांतले हे अंतर पुसले गेले की नुकसान माणसांचे होते. २००८ साली पुण्याच्या सत्र न्यायालयाने एका खून खटल्यात डोक्याच्या त्वचेवरून मेंदूची वीज नोंदवणाऱ्या चाचणीचा निष्कर्षही पुरावा म्हणून विचारात घेतला. ती नोंद ईईजीची होती, एफएमआरआयची नव्हे. पण आठवण अनुभवाची की ऐकीव, हे यंत्र सांगेल असा तिच्यामागचा दावा होता. मे २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सेल्वी खटल्यात संमतीविना अशा चाचण्या घेणे घटनाबाह्य ठरवले. हा निकाल मुख्यतः नागरिकाच्या हक्कांवर उभा आहे, पण विज्ञानाच्या बाजूनेही तो योग्यच होता.

चुंबक आणखी मोठा केला की हे सगळे सुटेल, असेही म्हटले जाते. रुग्णालयातला चुंबक सहसा दीड किंवा तीन टेस्लाचा असतो. फ्रान्समध्ये सॅक्ले इथे ११.७ टेस्लाचा, १३२ टनांचा चुंबक आहे आणि २०२४ साली त्याने टिपलेली माणसाच्या मेंदूची चित्रे जाहीर झाली. त्यातली रचनेची बारकाई विलक्षण आहे. पण रक्ताला पोचायला लागणारे सेकंद चुंबक वाढवून कमी होत नाहीत. या मर्यादेची जाण मेंदूच्या शल्यचिकित्सकांना आहे. गाठ काढण्याआधी ते एफएमआरआयवरून भाषेची आणि हालचालीची जागा पाहून घेतात. गाठ त्या जागेला लागूनच असेल, तर शस्त्रक्रियेत रुग्णाला जागे करतात, मेंदूच्या पृष्ठभागाला सौम्य विद्युतप्रवाह लावत त्याला वस्तूंची नावे सांगायला लावतात आणि जिथे बोलणे अडखळते तिथे शस्त्र लावत नाहीत.