ग्रीनिच : भोंग्याच्या गावातून शून्य रेषेपर्यंत

आमच्या कळंबला लहानपणी घड्याळं मोजकी होती, पण भोंगा सगळ्यांचा होता. इंदापूर तालुक्यात, नीरा नदीच्या काठाला आमचं गाव. शेठ वालचंद हिराचंद यांनी 1930 च्या दशकात याच माळावर साखर कारखाना काढला आणि गावाला लागून वालचंदनगर वसलं. कारखान्याचा भोंगा वाजला की माणसं डबा घेऊन सायकलीवर टांग टाकत, बायका चुलीवरचा चहा उतरवत, आम्ही पोरं शाळेच्या वाटेला लागत असू. वडील कारखान्यात फिटर होते. पहिल्या पाळीला जाताना ते रेडिओजवळ थांबायचे, बातम्यांच्या आधीचे 'टूं टूं' ऐकून मनगटावरचं घड्याळ जुळवायचे आणि मगच बाहेर पडायचे.

सहावीत भूगोलाच्या सरांना मी विचारलं होतं, "सर, भोंगा वाजवणाऱ्याला वेळ कोण सांगतं?" सर म्हणाले, "कारखान्याचं घड्याळ." त्याला कोण सांगतं? "आकाशवाणी." आणि आकाशवाणीला? सरांनी टेबलावरचा पत्र्याचा पृथ्वीगोल फिरवला, इंग्लंडवर खडू टेकवला आणि म्हणाले, "ग्रीनिच. तिथं शून्याची रेघ आहे. वेळ तिथनं मोजायला लागतात." मग त्यांनी फळ्यावर गणित घातलं. पृथ्वी एक अंश फिरायला चार मिनिटं घेते. आपण 75 अंश पूर्व रेखांशाच्या जरा अलीकडे. 75 गुणिले 4 म्हणजे 300 मिनिटं. पाच तास. आमचा सूर्य ग्रीनिचच्या पाच तास पुढं!

त्या दिवसापासून मला लंडन बघायचं होतं. राणीचा राजवाडा नको, मोठा पूल नको. ती रेघ बघायची होती. हा योग यायला चाळीस वर्षं गेली. भाची नोकरीसाठी तिकडं गेली आणि फोनवर म्हणाली, "मामा, आता कारण सांगू नकोस." मे महिन्यात गेलो.

वेस्टमिन्स्टरच्या धक्क्यावरून बोटीनं निघालं की थेम्सवरून ग्रीनिचला जाता येतं. आगगाडीनं लवकर पोहोचता आलं असतं, पण मी हट्टानं बोट धरली. 5 एप्रिल 1919 ला मुंबईहून 'लॉयल्टी' नावाची आगबोट लंडनला निघाली, ती वालचंद शेठ आणि त्यांच्या साथीदारांच्या सिंदिया कंपनीची. इंग्रज कंपन्यांची मक्तेदारी असताना हिंदी मालकीची बोट लंडनच्या वाटेला लागली, म्हणून आपल्याकडे 5 एप्रिल हा राष्ट्रीय सागरी दिन पाळतात. आमच्या माळावर उसाचा कारखाना काढणाऱ्या माणसाची बोट आपल्या आधी या शहराकडे आली होती, हे थेम्सचं मातकट पाणी बघताना सारखं मनात येत होतं. त्या बोटीवरचं घड्याळही ग्रीनिचच्याच वेळेला लावलेलं असणार, कारण तेव्हा समुद्रावर आपण कुठं आहोत हे त्यावरूनच काढत.

धक्क्यावर उतरलं की समोर 'कटी सार्क'. 1869 साली बांधलेलं हे शिडाचं जहाज चीनहून चहा आणायचं. 2007 मध्ये त्याला मोठी आग लागली, दुरुस्ती होऊन 2012 मध्ये ते पुन्हा लोकांसाठी खुलं झालं. तिथून बाग ओलांडून टेकडी चढायची. चढ फार नाही, जेजुरी चढलेल्या माणसाला तर काहीच नाही. वर पोहोचून मागं वळून बघावं. खाली पांढरंशुभ्र क्वीन्स हाउस, त्यामागं आरमाराच्या जुन्या इमारतींच्या दोन जोडघुमटांमधून दिसणारी नदी आणि पलीकडं काचेचे मनोरे. एवढं देखणं दृश्य लंडनमध्ये मला दुसरीकडं कुठं दिसलं नाही.

टेकडीवरची वेधशाळा 1675 ची, म्हणजे शिवरायांच्या राज्याभिषेकानंतर एका वर्षानं सुरू झालेली. दुसऱ्या चार्ल्स राजानं ती उभारली, इमारतीचा आराखडा क्रिस्टोफर रेन यांचा आणि पहिले राजज्योतिषी जॉन फ्लॅमस्टीड. राजाला ताऱ्यांची हौस होती म्हणून हे झालं नाही. जहाजं बुडत होती. उत्तर-दक्षिण किती आलो हे सूर्यावरून कळायचं. पूर्व-पश्चिम किती आलो हे कळायला मार्ग नव्हता. 1707 मध्ये सिली बेटांजवळ इंग्रजांची चार लढाऊ जहाजं खडकांवर फुटली आणि हजाराच्या वर खलाशी बुडाले. सात वर्षांनी, 1714 मध्ये, पार्लमेंटनं रेखांश शोधून देणाऱ्याला वीस हजार पौंडांपर्यंत बक्षीस जाहीर केलं.

उत्तर आमच्या सरांच्या गणितातच आहे. निघालेल्या बंदराची वेळ बोटीवर अचूक ठेवता आली, तर डोक्यावरच्या सूर्याची वेळ आणि ती वेळ यांतला फरक म्हणजे रेखांश. पण डुलणाऱ्या बोटीवर, थंडीत आणि उन्हात अचूक चालणारं घड्याळ करणार कोण? ते केलं जॉन हॅरिसन नावाच्या एका सुतारानं. त्याची घड्याळं इथं काचेआड ठेवली आहेत. पहिलं 1735 चं, पितळेचं, दांड्या आणि स्प्रिंगा हलवत आजही चालतं. आणि मग चौथं, 1759 चं, तळहातापेक्षा थोडं मोठं, खिशातल्या घड्याळासारखं. जमैकाच्या प्रवासात 81 दिवसांत ते फक्त पाच सेकंदांनी मागं पडलं. तरी बक्षिसाच्या मोठ्या हिश्शासाठी हॅरिसनला झगडावं लागलं. 1773 मध्ये, ऐंशीच्या घरात असताना, त्याला पार्लमेंटकडून पैसे मिळाले. मी त्या काचेपुढं बराच वेळ उभा होतो. वडील सुट्टीच्या दिवशी घड्याळ उघडून, चिमट्यानं एकेक चाक वर्तमानपत्रावर मांडायचे, तेव्हा आम्हाला जवळून श्वाससुद्धा घेऊ देत नसत. हे घड्याळ त्यांना दाखवता आलं असतं, तर दुसरं काही मागितलं नसतं.

वेळेची किंमत इथल्या माणसांनी अक्षरशः केली. वेधशाळेत काम करणाऱ्या बेलव्हिल यांनी 1836 पासून आठवड्याला लंडनच्या घड्याळजींकडे फिरून आपल्या खिशातल्या घड्याळावर अचूक वेळ दाखवायला सुरुवात केली. पुढं त्यांच्या पत्नीनं आणि मग मुलगी रूथ यांनी ते काम चालवलं. रूथबाई दर आठवड्याला टेकडी चढायच्या, घड्याळ जुळवायच्या आणि वेळ विकायला शहरात जायच्या. तार आली, रेडिओ आला, तरी 1940 पर्यंत त्यांचं गिऱ्हाईक टिकलं.

आता रेघ. अंगणात फरशीत बसवलेली धातूची पट्टी, दोन्ही बाजूंना शहरांची नावं. रांगेत उभं राहून लोक एक पाय पूर्वेला, एक पश्चिमेला ठेवून फोटो काढतात. मीही काढला. हात थरथरत होते, भाचीनं तीनदा काढला. ही रेघ म्हणजे राजज्योतिषी एअरी यांच्या दुर्बिणीची जागा. 1851 पासून ती दुर्बीण याच रेषेवर तारे मोजत होती. ऑक्टोबर 1884 मध्ये वॉशिंग्टनला पंचवीस देश जमले आणि जगाचं शून्य इथं ठरलं. बाजूनं 22, विरोधात एक, फ्रान्स आणि ब्राझील तटस्थ. कारण साधं होतं : त्या काळी जगातली बहुतेक व्यापारी जहाजं ग्रीनिचवरून काढलेले नकाशे वापरत होती. फ्रान्सनं 1911 पर्यंत पॅरिसचीच वेळ चालवली. आपल्या मुंबईनंही हेच केलं. 1906 मध्ये भारतीय प्रमाणवेळ आली, पण ग्रीनिचच्या 4 तास 51 मिनिटं पुढची 'बाँबे टाइम' शहरात पार 1955 पर्यंत टिकून होती.

रेषेवर उभं राहिल्यावर मला उज्जैन आठवलं. आपल्या जुन्या ज्योतिषांची शून्य रेषा उज्जैनवरून जात होती. तीच रेषा नकाशावर दक्षिणेला ओढत आणली तर ती बार्शीच्या जवळून जाते. आमच्या कळंबपासून जेमतेम शंभर किलोमीटर. म्हणजे ज्या शून्यासाठी मी सातासमुद्रापलीकडं आलो, तसंच एक शून्य आमच्या शेजारच्या जिल्ह्यातून गेलेलं होतं. शाळेत हे कुणी सांगितलं नाही, सांगायला हवं होतं. शून्य निसर्गानं ठेवलेलं नाही. माणसांनी एकत्र बसून ते ठरवलं. ग्रीनिचचं मोठेपण मला त्यात वाटतं.

एक गंमत मुलांना जरूर दाखवा. रेषेवर उभं राहून मोबाइल काढला तर त्यात शून्य येत नाही. आजचं शून्य बागेत 102 मीटर पूर्वेला आहे. एअरींच्या दुर्बिणीची पातळी तिथल्या स्थानिक गुरुत्वाकर्षणावरून साधली होती आणि ओळंबा तिथं किंचित तिरका लागतो. उपग्रह मात्र पृथ्वीच्या मध्यावरून मोजतात. मी मोबाइलकडं बघत चालत गेलो. शून्य आलं तिथं पायाखाली गवत आणि एक कचऱ्याची पेटी होती.

एक वाजायला आला तशी पुन्हा वर धावलो. वेधशाळेच्या माथ्यावर एका खांबावर लाल चेंडू आहे, 1833 पासून. बारा पंचावन्नला तो अर्ध्यावर चढतो, अठ्ठावन्नला टोकाला जातो आणि बरोबर एकला खाली येतो. थेम्समधल्या बोटींवरचे लोक त्यावर घड्याळं लावायचे. बाराला का नाही? तेव्हा ज्योतिषी माध्यान्हीचा सूर्य मोजण्यात गुंतलेले असत. नदीवरच्या लोकांसाठी हा भोंगाच होता, फक्त आवाज नसलेला.

फाटकाबाहेरच्या भिंतीत 1852 चं शेफर्डचं घड्याळ आहे. त्यावर चोवीस आकडे आहेत, शून्य वर आणि बारा खाली. ते उन्हाळ्यातही ग्रीनिचचीच वेळ दाखवतं, इंग्लंडची घड्याळं तासभर पुढं गेली तरी. चेंडू पडला तेव्हा माझ्या हातात एक वाजला होता आणि भिंतीवर बारा, काटा सरळ खाली. मी आईला फोन लावला. सूर्याच्या हिशेबानं पाच तास पुढं, पण प्रमाणवेळेनं कळंबला साडेपाच झाले होते.

"आई, रेघेवर उभा आहे."

"बरं झालं बाबा," आई म्हणाली. "तुझे वडील असते तर किती वाजले विचारलं असतं." मग थोडं थांबून, "म्हशीची धार काढायचीय, रात्री कर."

जाणाऱ्यांसाठी दोन गोष्टी. वेधशाळेत आणि अंगणातल्या रेषेवर जायला तिकीट लागतं. पण बाग, शेफर्डचं घड्याळ आणि बाहेरच्या भिंतीवरून पुढं गेलेली रेघ फुकट बघता येते. दालनं दुरुस्तीसाठी बंद असू शकतात, म्हणून आधी चौकशी करून निघा. चेंडूसाठी पावणेएकलाच टेकडीवर उभे राहा. वारा जोराचा असेल तर तो चढवत नाहीत.