टेनिसपटूचा जमाखर्च

कोणत्याही धंद्यांत शिखरावर पोंचलेल्या पांचदहा व्यक्तींचीं नांवें सर्वतोमुखीं होतात, आणि त्यांच्या वैभवावरून त्या साऱ्या धंद्याची पारख करण्याची आपणांस संवय लागते. फेडरर, नादाल, जोकोविच यांच्या मिळकतीचे आंकडे वाचून टेनिस म्हणजे सोन्याची खाण, अशी पुष्कळांची समजूत झालेली आहे. परंतु ज्या शिडीच्या टोकावर हे लोक चढले, तिला हजाराहून अधिक पायऱ्या आहेत. त्यांतील वरच्या शंभर सोडल्या, तर उरलेल्यांवर उभ्या असलेल्या माणसांचा संसार कसा चालतो, याचा विचार फारसा कोणी करीत नाहीं. मुलाला या मार्गास लावावें असें ज्या आईबापांच्या मनांत असेल, त्यांनीं तरी तो अवश्य केला पाहिजे. त्या दृष्टीनें सुमित नागल या आपल्याच देशांतील खेळाडूची हकीकत मनन करण्यासारखी आहे.

शाळामास्तरांचा मुलगा

सुमितचा जन्म १६ ऑगस्ट १९९७ रोजीं हरियाणांतील झज्जर जिल्ह्यांत जैतपूर या खेड्यांत झाला. वडील सुरेश नागल हे शाळाशिक्षक. मुलगा दहा वर्षांचा असतां महेश भूपति यांनीं होतकरू मुलांसाठीं काढलेल्या योजनेंत त्याची निवड झाली, आणि एवढ्या लहान वयांत घर सोडून तो बंगळूरास गेला. पुढें अभ्यासासाठीं त्याला कॅनडांत व जर्मनींतहि राहावें लागलें. २०१५ सालीं विंबल्डन येथें व्हिएतनामच्या ली होआंग नाम याच्या जोडीनें त्यानें मुलांच्या दुहेरी सामन्यांचें विजेतेपद मिळविलें. मग २६ ऑगस्ट २०१९ रोजीं न्यूयॉर्क येथें पहिल्याच फेरींत त्याची गांठ प्रत्यक्ष रॉजर फेडररशीं पडली. त्या दिवशीं पहिला सेट सुमितनें ६-४ असा घेतला. सामना अर्थात् फेडररनेंच जिंकला. परंतु सुमितचें नांव घरोघर झालें. आतां याचें भाग्य उघडलें, असेंच कोणासहि वाटलें असतें.

पायऱ्या आणि त्यांवरची भाकरी

वस्तुस्थिति निराळी होती. ती नीट समजण्यासाठीं या धंद्याची रचना ध्यानीं घेतली पाहिजे. अगदीं खालच्या दर्जाच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेंत बक्षिसांची एकूण रक्कम १५,००० डॉलर असते. ती ३२ खेळाडूंत व दुहेरींच्या जोड्यांत वांटली जाते. विजेत्याच्या हातीं सुमारें २,१६० डॉलर पडतात, आणि पहिल्या फेरींत हरणाऱ्याला अवघे १५६. तेवढ्यांत विमानाचें भाडें तर राहोच, दोन रात्रींच्या मुक्कामाचा खर्चहि भागणें कठीण. याच्या वरची पायरी चॅलेंजर स्पर्धांची, आणि तिच्याहि वर मोठ्या शहरांतून भरणाऱ्या स्पर्धा व चार जगप्रसिद्ध महास्पर्धा. खरा पैसा आहे तो या शेवटच्या चारांत, आणि त्यांत थेट प्रवेश मिळण्यास क्रमांक साधारणतः पहिल्या शंभरांत असावा लागतो. बाकीच्यांस पात्रता-फेरीचे तीन सामने आधीं जिंकून दाखवावे लागतात.

शिवाय येथें कमावलेलें गुण टिकाऊ नसतात. जिंकलेल्या स्पर्धेचे गुण बावन्न आठवड्यांनीं गळून पडतात. म्हणजे गतवर्षीं जें साधलें तें यंदां पुन्हां साधावें, तेव्हां कोठें खेळाडू होता तेथेंच राहतो. ही बँकेंतील ठेव नव्हे. दरसाल नवें करून घ्यावें लागणारें भाडेपत्र आहे. आणि भाडेकरूचा पाय मुरगळला किंवा तो तापानें अंथरुणास खिळला, तरी मुदत कांहीं त्याच्यासाठीं थांबत नाहीं.

शिल्लक नऊशें युरो

सुमितच्या बाबतींत तसेंच घडलें. नोव्हेंबर २०२१ मध्यें त्याच्या कमरेच्या सांध्यावर शस्त्रक्रिया झाली. बरा होऊन तो खेळूं लागेपर्यंत त्याचा क्रमांक पांचशेंच्या आसपास घसरला होता. २०२३ च्या आरंभीं जर्मनींतील आपल्या शिक्षणसंस्थेंत राहण्यापुरताहि पैसा त्याच्याजवळ नव्हता. सोमदेव देववर्मन यांच्यासारख्या स्नेह्यांनीं त्या वेळचा भार उचलला. त्या वर्षीं त्यानें रोम येथें व फिनलंडमधील टांपेरे येथें दोन चॅलेंजर स्पर्धा जिंकल्या आणि क्रमांक पुन्हां दीडशेंच्या जवळ आणला.

तथापि सप्टेंबर २०२३ मध्यें एका वृत्तसंस्थेला दिलेल्या मुलाखतींत त्यानें आपला जमाखर्च उघड केला, तेव्हां वाचणारे थक्क झाले. चोवीस स्पर्धा खेळून वर्षाची मिळकत सुमारें ६५ लाख रुपये झाली होती. पण एक शिक्षक बरोबर घेऊन देशोदेशीं फिरण्याचा खर्च वर्षास ८० लाखांपासून १ कोटीपर्यंत येतो, आणि त्यांत अंगमर्दन व व्यायाम यांसाठीं वेगळा माणूस धरलेला नाहीं! त्या दिवशीं बँकेंत शिल्लक होते अवघे ९०० युरो, म्हणजे जेमतेम ८० हजार रुपये. वर्षांतील सर्वांत मोठी रक्कम, २२,००० डॉलर, त्याला मिळाली ती न्यूयॉर्कच्या पात्रता-फेरीचा पहिलाच सामना *हरल्याबद्दल*. खालच्या स्पर्धा जिंकण्यापेक्षां वरच्या स्पर्धेच्या उंबरठ्यावर हरणें अधिक फायद्याचें, असा हा विलक्षण धंदा आहे. इंडियन ऑईल कंपनीचा मासिक पगार आणि महाराष्ट्रांतील महा टेनिस फाउंडेशनचें साह्य, एवढाच कायमचा आधार त्या वेळीं त्याला होता.

दहा दिवसांतील पालट

यानंतर चारच महिन्यांनीं चक्र फिरलें. जानेवारी २०२४ मध्यें मेलबोर्न येथें पात्रतेचे तिन्ही सामने जिंकून सुमित मुख्य स्पर्धेंत आला, आणि ३१ वें मानांकन असलेल्या कझाकस्तानच्या बुब्लिकला त्यानें ६-४, ६-२, ७-६ असें सरळ हरविलें. महास्पर्धेच्या एकेरींत भारतीय पुरुषानें मानांकित खेळाडूला नमविण्याचा प्रसंग याआधीं १९८९ सालीं, याच मेलबोर्नला, रमेश कृष्णन यांनीं विलांडरला हरविलें तेव्हां आला होता. सुमित पुढच्या फेरींत हरला. पण दुसऱ्या फेरीपर्यंत गेल्याबद्दल १,८०,००० ऑस्ट्रेलियन डॉलर, कर वजा जाण्यापूर्वीं सुमारें ९८ लाख रुपये, त्याच्या नांवें जमा झाले. वर्षभराच्या खर्चाची तरतूद दहा दिवसांत झाली! फेब्रुवारींत चेन्नईची चॅलेंजर जिंकून तो पहिल्या शंभरांत शिरला आणि जुलै २०२४ मध्यें ६८ व्या क्रमांकावर पोंचला.

आतां तरी स्वस्थता आली म्हणावी, तर तेंहि नाहीं. भाडेपत्राची मुदत सरली. जानेवारी २०२५ मध्यें मेलबोर्नला तो पहिल्याच फेरींत हरला, मागील वर्षाचे गुण गळाले, आणि तो पुन्हां शंभराबाहेर फेकला गेला. मात्र त्याच वर्षीं सप्टेंबरांत स्वित्झर्लंडमध्यें डेव्हिस चषकाच्या लढतींत त्यानें आपले दोन्ही एकेरी सामने जिंकले, आणि भारतानें यजमानांवर ३-१ असा विजय मिळविला. माणूस तोच, हात तोच. फरक काय तो यादींतील आंकड्याचा.

आईबापांनीं काय घ्यावें?

या दुःस्थितीची जाणीव खेळाच्या चालकांस झाली आहे, हें मान्य केलें पाहिजे. २०२४ पासून त्यांनीं तीन वर्षांपुरती एक योजना अंमलांत आणली. तिच्याप्रमाणें पहिल्या शंभरांतील खेळाडूस वर्षाला ३ लाख डॉलर, १७५ व्या क्रमांकापर्यंत दीड लाख व २५० व्या क्रमांकापर्यंत ७५ हजार डॉलर किमान मिळकतीची हमी देण्यांत आली. परंतु जो अद्यापि पांचशेंव्या पायरीवर धडपडत आहे, त्याच्या पानांत यांतलें कांहीं पडत नाहीं. त्याचा भार घरच्या माणसांवरच येतो.

पुण्यास बालेवाडीच्या क्रीडासंकुलांत २०१८ ते २०२३ पर्यंत महाराष्ट्र ओपन ही मोठी स्पर्धा भरत असे. ती पाहून घरीं आलेल्या कित्येक मुलांनीं रॅकेटसाठीं हट्ट धरला असेल. तो हट्ट मोडावा, असें आमचें मुळींच म्हणणें नाहीं. मुलानें अवश्य खेळावें. परंतु धंदा म्हणून खेळ पतकरतांना वडिलांनीं दोन गोष्टी पाहाव्या. एक, घरची ठेव व राहतें घर यांस धक्का न लावतां किती वर्षें हा खर्च झेपेल, याचा हिशेब कागदावर मांडावा. दुसरी, विद्या सोडूं नये. सोमदेव देववर्मन यांनीं अमेरिकेंतील व्हर्जिनिया विद्यापीठांत शिकत असतां २००७ व २००८ अशीं दोन वर्षें तेथील आंतरविद्यापीठीय विजेतेपद मिळविलें, आणि मगच ते धंद्यांत उतरले. अभ्यास व खेळ एकत्र नांदूं शकतात, याचें यापेक्षां चांगलें उदाहरण कोणतें?

इतकें करूनहि मुलाच्या अंगीं ती जिद्द उरली, तर त्याला जाऊं द्यावें. पण वर्तमानपत्रांत त्याच्या पराभवाची एक ओळ आली, तर त्याला नांवें ठेवण्यापूर्वीं ती ओळ छापून येण्यासाठींहि केवढें मोल मोजावें लागलें आहे, हें आपण सर्वांनीं आठवावें.