कोयता गेल्यावर

दिवाळी सरली की अंबड तालुक्यातल्या काही गावांतून ऊसतोडीला जाणारी कुटुंबे बाहेर पडतात. ‘कोयता’ म्हणजे नवरा-बायकोची जोडी. मुकादमाकडून उचल घेतलेली असते. हंगाम संपेपर्यंत परतणे नाही. मागे उरतात म्हातारी माणसे आणि शाळेतली नातवंडे. अशा घरातली आजी तशी एकटी नसते, पण तिच्या वयाचे बोलणारेही कुणी नसते. म्हातारपणीच्या एकाकीपणाची चर्चा आपण शहरातल्या बंद फ्लॅटभोवतीच करतो, त्यात ही आजी येत नाही.

लिसा बर्कमन आणि लेनर्ड साइम यांनी १९७९ मध्ये कॅलिफोर्नियातल्या अलमिडा परगण्यातील सुमारे ७,००० प्रौढांचा नऊ वर्षांचा मागोवा प्रसिद्ध केला. जोडीदार, आप्तमित्र, प्रार्थनास्थळ आणि मंडळे असे चार प्रकारचे संबंध त्यांनी मोजले. सर्वांत तुटक संबंध असलेल्यांमध्ये मृत्यूचे प्रमाण भक्कम संबंध असलेल्यांच्या तुलनेत पुरुषांत २.३ पट, तर स्त्रियांत २.८ पट निघाले. आरंभीची प्रकृती, उत्पन्न, धूम्रपान हे सारे जमेस धरूनही फरक उरलाच. मला मात्र त्यातली दुसरी नोंद अधिक मोलाची वाटते : जोडीदार नसला तरी मित्र-नातलगांचा राबता असलेली माणसे, लग्न टिकूनही कुणाशी फारसे येणे-जाणे नसलेल्यांइतकीच तगली. म्हणजे एका नात्याची उणीव दुसरे काही अंशी भरून काढते. मुलगा-सून फडावर असताना शेजारीण, बहीण, भजनातली सोबतीण यांना म्हणूनच महत्त्व येते. रक्तदाबाची गोळी संपली, दोन दिवस चूल पेटली नाही, बोलण्यात गोंधळ होतो आहे, हे आधी त्यांच्याच लक्षात येते. लॅन्सेट आयोगाने २०२४ मध्ये स्मृतिभ्रंशाची टाळता येण्याजोगी १४ कारणे मांडली. सामाजिक तुटलेपण हे त्यांतले एक.

पुरुषांना पार असतो. बायकांचा पाणवठा नळाने घेतला (नळ नको होता असे कोण म्हणेल?), आणि नवरात्रातली मत्स्योदरीची यात्रा तर दिवाळीआधीच होऊन जाते. उरते भजन, आठवडी बाजार आणि एसटी. ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना राज्यात एसटीचा प्रवास मोफत आहे, मार्च २०२३ पासून सर्व वयाच्या स्त्रियांना अर्धे तिकीट. ही सवलत वाहतूक खात्याची असली, तरी मी ती आरोग्याच्या खात्यावर मांडीन. जालन्यात दिलेल्या बहिणीला भेटून येणे त्यामुळे परवडते. अडते ते बसच्या उंच पायरीशी, आणि शाळा सुटायच्या आत घरी पोचवणारी परतीची गाडी नसते तिथे.