‘कमी’ म्हणजे किती जास्त?

डच भाषेत ‘लेरन’ या एकाच क्रियापदाचे अर्थ दोन: शिकणे आणि शिकवणे. ‘लेनन’ म्हणजे उसने घेणे, आणि उसने देणेही! मराठीत ‘घेणे’ व ‘देणे’ ही क्रियापदेच निवाडा करतात. डच बालकाला मात्र नामाआधी येणाऱ्या ‘आन’ किंवा ‘फान’ या इवल्या शब्दांवरून वस्तू कोणाकडून कोणाकडे चालली आहे हे ताडावे लागते.

लेकीकडे आइंडहोव्हनला काही महिने राहण्याचा योग आला, तेव्हा तीन वर्षांच्या नातवाचे डच बोलणे मी आजोबा व बालरोगतज्ज्ञ अशा दुहेरी नात्याने ऐकत असे. झोपाळ्यावर बसला की तो ‘लाखर’, म्हणजे ‘अजून खाली’, असे ओरडे; मी झोका आवरला की रुसे. त्याला हवे असे ‘होखर’, अजून उंच. नवल चुकीचे नव्हते, तिच्या नेमकेपणाचे होते. उंचीच्या जागी त्याने ‘लाल’ किंवा ‘गोड’ असे कधी म्हटले नाही. दोन्ही शब्द उंचीचेच हे त्याला उमगले होते. कोणते टोक कोणाचे, एवढेच ठरायचे राहिले होते.

त्यात मोठ्यांची भाषाही निःपक्षपाती नसते. दोन वर्षांच्या मुलाचे वय विचारताना डच माणूस शब्दशः ‘किती म्हातारा?’ असेच विचारतो. आपणही ठेंगण्या माणसाला ‘किती उंच?’ म्हणतोच की!

इंग्रजी भाषक मुलांवरचा एक प्रयोग येथे आठवतो. मार्गारेट डोनाल्डसन व जॉर्ज बाल्फर यांनी 1968 मध्ये मुलांना पुठ्ठ्याची सफरचंदाची झाडे दाखवून ‘कमी फळे कशावर?’ असे विचारले. बहुतेकांनी जास्त फळांचे झाड दाखवले. मुलांना ‘कमी’ म्हणजेच ‘जास्त’ वाटते, असा निष्कर्ष निघाला. सुसान केरी यांनी 1978 मध्ये त्यावर शंका घेतली. ‘टिव्ह’ हा निरर्थक शब्द वापरून पेल्यातला चहा ‘टिव्ह’ करायला सांगितले, तरी काही मुलांनी चहा वाढवलाच. शब्द कळला नाही की मूल हाताला सुचेल ते करते. मला हे स्पष्टीकरण अधिक पटते.

लेकीची काळजी निराळी होती: घरातल्या मराठीमुळे तर हा घोळ होत नाही ना? मराठी सोडू नकोस, असे मी निक्षून सांगितले. दोन भाषांमुळे भाषादोष जडत नाही. इंदूरच्या मराठी घरांतही ‘काल आपण मामाकडे जाऊ’ असे ऐकू येते. हिंदीतला ‘कल’ दोन्ही दिवसांचा, त्याला मूल काय करणार? मात्र एकूण बोलणेच मागे पडत असेल, साध्या सूचनाही समजत नसतील, तर श्रवणतपासणी लांबवू नये.

आपल्या दवाखान्यात हा प्रश्न रोजचा आहे. तीन वर्षांच्या मुलाला ‘दुखणे कमी आहे की जास्त?’ असे विचारून मिळालेल्या उत्तरावर औषधाची मात्रा ठरवणे मला धोक्याचे वाटते. चेहरा, पाय, हालचाल, रडणे आणि समजूत पटणे यांवरून वेदना मोजणारी ‘फ्लॅक’ पद्धत या वयासाठीच आहे. शिवाय आईला विचारावे: आज खेळला का, जेवला का, रात्री कितीदा उठला?