मराठी ख्रिस्ती मंडळ्यांच्या प्रसारपद्धती

मराठी ख्रिस्ती मंडळ्यांच्या प्रसारपद्धती म्हणजे मराठी भाषक प्रदेशातील ख्रिस्ती मंडळ्यांनी लोकांपर्यंत पोहोचण्यासाठी, नवे सभासद मिळवण्यासाठी आणि असलेली मंडळी टिकवून वाढवण्यासाठी अवलंबलेले मार्ग होत. शाळा, छापील वाङ्मय, कीर्तन व भजन, रुग्णसेवा, यात्रा, कौटुंबिक प्रार्थनासभा आणि स्थानिक पाळकांचे प्रशिक्षण हे त्यांपैकी प्रमुख मार्ग आहेत. प्रोटेस्टंट मंडळ्यांच्या बाबतीत या पद्धतींचा सलग इतिहास १८१३ पासून सांगता येतो. २०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रात सुमारे १०.८ लाख ख्रिस्ती लोक असून राज्याच्या लोकसंख्येत त्यांचे प्रमाण एक टक्क्याच्या आसपास आहे.

== संज्ञा ==

मराठी ख्रिस्ती परिभाषेत ‘मंडळी’ हा शब्द उपासनेसाठी एकत्र येणाऱ्या लोकसमुदायासाठी वापरला जातो. इमारतीला सामान्यतः ‘चर्च’, ‘उपासना मंदिर’ किंवा ‘देऊळ’ म्हणतात. मंडळीच्या आध्यात्मिक प्रमुखाला प्रोटेस्टंट परंपरेत ‘पाळक’ आणि कॅथलिक परंपरेत ‘धर्मगुरू’ असे संबोधतात. बाप्तिस्मा हा मंडळीत प्रवेश देणारा विधी आहे.

मंडळीची वाढ तीन प्रकारची मानली जाते : सभासदांच्या घरी मुले जन्मल्याने होणारी, दुसऱ्या गावाहून किंवा मंडळीतून सभासद आल्याने होणारी, आणि नव्या लोकांनी श्रद्धा स्वीकारल्याने होणारी. हे वर्गीकरण मंडळीविस्ताराचे अभ्यासक डोनाल्ड मॅकगॅव्हरन यांच्या लेखनातून रूढ झाले. एकूण सभासदसंख्या वाढली तरी तीमागे यांपैकी कोणते कारण आहे हे वेगळे पाहावे लागते. शहरातील एखादी मंडळी वाढत असताना तिचे सभासद ज्या गावांतून आले तेथील मंडळ्या ओस पडत असण्याची शक्यता असते.

== आरंभीचे प्रयत्न ==

अमेरिकन मराठी मिशनचे गॉर्डन हॉल व सॅम्युएल नॉट हे फेब्रुवारी १८१३ मध्ये मुंबईस पोहोचले. ईस्ट इंडिया कंपनीचा त्या काळी मिशनऱ्यांना विरोध होता. त्याच वर्षीच्या सनदी कायद्याने त्यांना भारतात काम करण्याचा मार्ग मोकळा झाला. बाजार, देवळांचा परिसर आणि यात्रा अशा गर्दीच्या ठिकाणी उभे राहून प्रवचन करणे व पुस्तिका वाटणे ही या काळातील मुख्य पद्धत होती. तिच्यामुळे वादविवाद पुष्कळ झाले, परंतु बाप्तिस्मा घेणाऱ्यांची संख्या दीर्घकाळ अगदी थोडी राहिली.

या अनुभवातून मिशनचे लक्ष शाळांकडे वळले. अमेरिकन मिशनने १८१५ मध्ये मुंबईत मुलांची आणि १८२४ मध्ये मुलींची शाळा काढली. १८३१ मध्ये अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) येथे मिशनचे ठाणे स्थापन झाले. तेथे सिंथिया फरार यांनी चालवलेल्या मुलींच्या शाळा पाहून जोतीराव फुले यांना पुण्यात मुलींची शाळा काढण्याची प्रेरणा मिळाली. विदर्भात स्कॉटिश मिशनचे स्टीफन हिस्लॉप यांनी १८४५ पासून नागपूर येथे काम केले. त्यांच्या नावाचे महाविद्यालय १८८३ मध्ये सुरू झाले.

शाळांचा परिणाम मंडळीच्या सभासदसंख्येपेक्षा समाजावर अधिक झाला. शिकलेल्या विद्यार्थ्यांपैकी फार थोड्यांनी धर्म बदलला. खेड्यांमध्ये मात्र शाळेचे महत्त्व वेगळे होते. तेथे दिवसा मुलांना शिकवणारा मास्तरच संध्याकाळी भजन व प्रार्थना घेत असे. गावात कायम राहणारी, लोकांचे अर्ज-पत्रे लिहून देणारी आणि अडचणीला धावून येणारी ही व्यक्ती अनेक ग्रामीण मंडळ्यांचा पहिला आधार ठरली.

== भाषा, वाङ्मय आणि कीर्तन ==

सेरामपूर येथून मराठी नवा करार १८११ मध्ये प्रसिद्ध झाला. अहमदनगर येथे १८४२ मध्ये सुरू झालेले ‘ज्ञानोदय’ हे नियतकालिक विखुरलेल्या ख्रिस्ती कुटुंबांना जोडणारे साधन बनले. पंडिता रमाबाई यांनी सामान्य स्त्रियांना समजेल अशा सोप्या मराठीत बायबलचे भाषांतर केले. ते त्यांच्या निधनानंतर १९२४ मध्ये प्रसिद्ध झाले. तथापि बहुसंख्य श्रोते निरक्षर असल्याने छापील शब्दाला मर्यादा होती.

ही मर्यादा ओलांडण्यासाठी कीर्तनाचा स्वीकार झाला. १८६० च्या दशकात अहमदनगरच्या परिसरातील ख्रिस्ती कार्यकर्त्यांनी बायबलमधील कथांवर कीर्तने रचण्यास सुरुवात केली. पूर्वरंगात एखाद्या वचनाचे निरूपण, उत्तररंगात आख्यान आणि मध्ये टाळ-मृदंगाच्या साथीने पदे, ही मूळ रचना कायम ठेवण्यात आली; आख्यानाचा विषय तेवढा बदलला. कीर्तन श्रोत्यांच्या परिचयाचे होते, त्यासाठी चर्चच्या इमारतीत यावे लागत नसे आणि ऐकल्याने कोणतेही बंधन येत नसे. चावडीजवळ किंवा झाडाखालच्या पारावर रात्री होणाऱ्या कीर्तनाला दिवसभर शेतात राबणारे लोकही येऊ शकत.

या परंपरेला कवी रेव्हरंड नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) यांनी वाङ्मयीन उंची दिली. १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतलेल्या टिळकांनी अभंगांच्या धर्तीवर विपुल भक्तिगीते लिहिली. पाश्चात्त्य चालींची भाषांतरित गीते गाणाऱ्या मंडळ्यांना त्यामुळे स्वतःच्या भाषेच्या लयीतील उपासना मिळाली. त्यांची अनेक गीते ‘उपासना संगीत’ या गीतसंग्रहाद्वारे आजही गायिली जातात. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई टिळक यांनीही कीर्तने केली आणि टिळकांचे अपुरे राहिलेले ‘ख्रिस्तायन’ पूर्णत्वास नेले.

टिळकांनी १९१७ मध्ये ‘देवाचा दरबार’ हा उपक्रम सुरू केला. त्यात बाप्तिस्मा घेतलेल्या व न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांना एकत्र येण्यास वाव होता. मंडळीची सीमा बाप्तिस्म्याच्या नोंदवहीने ठरवावी की श्रद्धेने, हा प्रश्न त्यामुळे उपस्थित झाला. दोन वर्षांतच टिळकांचे निधन झाल्याने हा प्रयोग फार पुढे गेला नाही.

== रुग्णसेवा व दुष्काळातील कार्य ==

विल्यम वॉनलेस यांनी १८९४ मध्ये मिरज येथे उभारलेले रुग्णालय वैद्यकीय मिशनकार्याचे ठळक उदाहरण आहे. विदर्भात अचलपूरजवळील कोठारा येथील कुष्ठरोग रुग्णालय आणि यवतमाळ जिल्ह्यातील उमरी येथील मिशन रुग्णालय यांनी अशीच सेवा दिली.

१८७६–७८, १८९६–९७ आणि १८९९–१९०० या दुष्काळांच्या काळात मिशनांनी अन्नवाटप, रोजगाराची कामे आणि अनाथाश्रम चालवले. पंडिता रमाबाईंच्या केडगाव येथील मुक्ती मिशनमध्ये दुष्काळग्रस्त मुली व स्त्रियांना आश्रय मिळाला. याच काळात बाप्तिस्म्यांची संख्या वाढल्याने, लोक श्रद्धेने आले की पोटासाठी, हा आक्षेप घेतला गेला. तो बाहेरच्या टीकाकारांप्रमाणे मिशनांच्या अंतर्गत चर्चेतही होता. यावरील एक व्यवहार्य उपाय म्हणून मदत आणि बाप्तिस्मा यांत अंतर ठेवणे, आणि बाप्तिस्म्यापूर्वी शिक्षणाचा व परीक्षेचा ठरावीक काळ ठेवणे, या प्रथांवर भर देण्यात आला.

== नातेसंबंध आणि समूहधर्मांतर ==

अहमदनगर जिल्ह्यातील वाढ मुख्यतः महार व मांग समाजांतून झाली. कॅथलिक जेझुइट धर्मगुरूंनीही १८७८ पासून केंदळ येथे काम सुरू केले. ही वाढ एकेकट्या व्यक्तींमार्फत न होता सोयरिकीच्या वाटेने झाली. एका गावातील कुटुंबाने निर्णय घेतला की लेकीच्या सासरी, मामाच्या गावी आणि भावकीत तो विषय पोहोचत असे. एकट्याने धर्म बदलणाऱ्यावर बहिष्कार येई, वारसाहक्काचा वाद उभा राही. सबंध भावकीने निर्णय घेतल्यास विवाहसंबंध व परस्परांचा आधार टिकून राही. धर्म बदलल्यामुळे वारसाहक्क बुडू नये, अशी तरतूद १८५० च्या कायद्याने केली होती. तथापि कायद्याचे संरक्षण आणि गावातील वास्तव यांत अंतर राहिले.

भारतातील अशा समूहधर्मांतरांचा अभ्यास जे. वॅस्कम पिकेट यांनी १९३३ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध केला. मध्य प्रांतातील दमोह येथे जन्मलेले मॅकगॅव्हरन यांनी पिकेट यांच्या अभ्यासाच्या प्रभावाखाली १९५५ मध्ये ‘देवाचे पूल’ या अर्थाच्या शीर्षकाचा इंग्रजी ग्रंथ लिहिला. नातेसंबंध हेच श्रद्धा पसरण्याचे पूल होत आणि लोकांना स्वतःचा समाज न सोडता ख्रिस्ती होता आले तर मंडळी वाढते, हा त्यांचा मुख्य सिद्धांत होता. भारतातील अनुभवावर आधारलेला हा विचार पुढे जगभरातील ‘मंडळीविस्तार’ चळवळीचा पाया ठरला.

या सिद्धांतावरील महत्त्वाचा आक्षेप जातीविषयी आहे. जो मार्ग एकाच जातीच्या नात्यांतून जातो, तो त्या जातीच्या सीमेपाशी थांबतो आणि मंडळीच्या आत जात जिवंत ठेवतो. विवाह, बसण्याची जागा आणि पाळकाची निवड यांत जातिभेद राहिल्याची टीका ख्रिस्ती दलित विचारवंतांनीही केली आहे.

== स्थानिक नेतृत्व व स्वावलंबन ==

अमेरिकन मिशन मंडळाचे सचिव रूफस अँडरसन यांनी, स्थानिक मंडळीने स्वतःचा कारभार, स्वतःचा खर्च आणि स्वतःचा प्रसार स्वतः करावा, असा आग्रह धरला. १८५४–५५ मध्ये ते मराठी मिशनच्या पाहणीसाठी आले होते. त्याच सुमारास हरी रामचंद्र खिस्ती व रामकृष्ण विनायक मोडक यांना पाळकपदाची दीक्षा देण्यात आली.

स्वावलंबनात पैसा ही मुख्य अडचण होती. ग्रामीण सभासदांकडे रोख रक्कम क्वचितच असे. त्यामुळे धान्य, कोंबडी किंवा अंडी अशा स्वरूपात दान देण्याची आणि स्वयंपाकाच्या वेळी मूठभर धान्य बाजूला काढून ठेवण्याची प्रथा रुजली. सुगीनंतरच्या उपकारस्तुतीच्या सणाला अशा दानाचा लिलाव करून मंडळीसाठी निधी उभारला जातो. परदेशी मदत कमी होत गेल्यावर ज्या मंडळ्यांत दानाची ही सवय होती त्यांना स्वतःच्या पायावर उभे राहणे तुलनेने सोपे गेले.

== यवतमाळ जिल्हा व दारव्हा ==

यवतमाळ जिल्ह्यातील प्रोटेस्टंट कार्य प्रामुख्याने फ्री मेथडिस्ट चर्चशी निगडित आहे. १८६० मध्ये अमेरिकेत स्थापन झालेल्या या पंथाच्या नावातील ‘फ्री’ या शब्दाचा एक अर्थ ‘विनामूल्य आसन’ असा होता. त्या काळी अमेरिकेतील अनेक चर्चमध्ये पुढील बाके भाड्याने दिली जात. गरिबांना उपासनेपासून दूर ठेवणाऱ्या या प्रथेला या पंथाने विरोध केला. अर्नेस्ट व फीबी वॉर्ड हे दांपत्य १८८१ मध्ये भारतात आले आणि त्यांनी बऱ्हाणपूर येथे काम सुरू केले. पुढे यवतमाळ हे पंथाचे मुख्य केंद्र झाले, तर दारव्हा व वणी येथे मिशनची ठाणी होती.

दारव्हा हे कापूस पिकवणाऱ्या परिसरातील तालुक्याचे ठिकाण आहे. मूर्तिजापूर–यवतमाळ या ‘शकुंतला’ नावाने ओळखल्या जाणाऱ्या अरुंदमापी लोहमार्गावर येथे दारव्हा मोतीबाग स्थानक होते. अशा तालुक्याच्या ठिकाणाहून आसपासच्या खेड्यांत जाणे, बाजाराच्या दिवशी लोकांना भेटणे आणि पेरणी व वेचणीचे दिवस टाळून सभा ठरवणे हा ग्रामीण मिशनकार्याचा सर्वसाधारण क्रम असे.

यवतमाळ येथे १९५३ मध्ये युनियन बिब्लिकल सेमिनरी ही धर्मशिक्षणसंस्था स्थापन झाली. विविध पंथांच्या सहकार्याने चालणाऱ्या या संस्थेत भारताच्या अनेक भागांतील विद्यार्थी येत. १९८३ मध्ये ती पुण्यास हलवण्यात आली.

विदर्भातील विस्ताराच्या इतिहासात १४ ऑक्टोबर १९५६ हा दिवस निर्णायक आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी नागपूर येथे बौद्ध धम्माची दीक्षा घेतली आणि महार समाजाने मोठ्या संख्येने त्यांचे अनुकरण केले. अहमदनगर जिल्ह्यात ज्या समाजातून मंडळी वाढली होती, त्या समाजाला विदर्भात स्वतःच्या नेतृत्वाखाली, स्वतः निवडलेला मार्ग मिळाला.

== कायदा व मतभेद ==

भारतीय संविधानाच्या अनुच्छेद २५ नुसार, सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता व आरोग्य यांच्या अधीन राहून, धर्म आचरण्याचे व त्याचा प्रसार करण्याचे स्वातंत्र्य आहे. यवतमाळसह विदर्भ त्या वेळच्या मध्य प्रदेश राज्यात असताना, राज्य सरकारने १९५४ मध्ये न्यायमूर्ती भवानीशंकर नियोगी यांच्या अध्यक्षतेखाली ख्रिस्ती मिशनऱ्यांच्या कार्याची चौकशी करणारी समिती नेमली. १९५६ च्या अहवालात तिने शाळा, रुग्णालये व आर्थिक साहाय्य यांचा धर्मांतरासाठी वापर होत असल्याचा निष्कर्ष काढला. ख्रिस्ती संघटनांनी तो एकांगी ठरवला. रेव्हरंड स्टॅनिस्लाउस विरुद्ध मध्य प्रदेश या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९७७ मध्ये, प्रसाराच्या हक्कात दुसऱ्याचे धर्मांतर करण्याचा हक्क समाविष्ट नाही, असा निर्णय दिला.

१९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार अनुसूचित जातींच्या सवलती प्रथम हिंदूंपुरत्या मर्यादित होत्या. त्या १९५६ मध्ये शिखांना व १९९० मध्ये बौद्धांना लागू झाल्या. ख्रिस्ती दलितांना त्या लागू नाहीत. त्यामुळे बाप्तिस्मा हा अनेक कुटुंबांसाठी श्रद्धेबरोबरच शिक्षण व नोकरीच्या संधींशी निगडित निर्णय ठरतो.

== सध्याच्या पद्धती ==

आजच्या मराठी मंडळ्यांत मोठ्या मैदानी सभांच्या जोडीला घरोघरी होणाऱ्या प्रार्थनासभांना महत्त्व आहे. आजारपण, परीक्षा, नवे घर किंवा घरातील मृत्यू अशा प्रसंगी होणाऱ्या या सभांना शेजारीपाजारीही येतात. रविवारची शाळा, तरुण संघ व महिला मंडळ यांद्वारे पुढील पिढी जोडून ठेवली जाते. नाताळच्या आधी घरोघरी जाऊन गाणाऱ्या गायकांच्या टोळ्या आणि भजनी मंडळे हे लोकसंपर्काचे आवडते प्रकार आहेत. कॅथलिक परंपरेत श्रीरामपूरजवळील हरेगाव येथे सप्टेंबरमध्ये भरणारी मतमाउलीची यात्रा अन्य धर्मीयांनाही आकर्षित करते.

ग्रामीण मंडळ्यांपुढील मुख्य आव्हान तरुणांच्या स्थलांतराचे आहे. शिक्षण व नोकरीसाठी तरुण पुणे, मुंबई किंवा नागपूर येथे जातात आणि गावातील मंडळीत वृद्ध सभासद उरतात. अशा ठिकाणी शहरात गेलेल्यांशी संपर्क राखणे, जवळच्या काही गावांसाठी एक पाळक ठेवणे आणि उपासना चालवण्यासाठी स्थानिक स्त्री-पुरुषांना तयार करणे हे उपाय योजले जातात. ज्या गावात पाळक नसलेल्या रविवारीही सभासद स्वतः एकत्र जमतात, तेथील मंडळी संख्येने लहान असली तरी टिकून राहते.