मशीन कोणाच्या नावावर?

दिवाळी सरली की आमच्या वस्तीतल्या मावशींच्या ओसरीतून एक आवाज सुरू होतो. सर्रर्र... खट्! सर्रर्र... खट्! स्वेटर विणायच्या हातमशीनचा आवाज. मशीनवरचं कॅरेज या टोकाकडून त्या टोकाला सरकवलं की टाक्यांची अख्खी ओळ एका दमात तयार. शाळेच्या गणवेशाचे स्वेटर विणून मावशींनी दोन मुली उजवल्या. जालन्याची थंडी ती काय चार दिवसांची, पण त्या चार दिवसांवर त्यांचं वर्षाचं किराणा-मीठ चालतं.

यंदा आमच्या बचत गटाच्या बैठकीत याच मशीनचा विषय निघाला. एक व्यापारी आला होता. म्हणाला, "सहा मशीन मी देतो, लोकर मी देतो, मालही मीच उचलतो. तुम्ही फक्त मशीनचं आठवड्याचं भाडं द्यायचं. तेही रोख नको, मजुरीतून कापून घेईन." बायका हरखल्या. पदरचा पैसा न घालता घरबसल्या काम! कोण नाही म्हणेल? मावशी तेवढ्या गप्प. मग हळूच म्हणाल्या, "ताई, ज्या आठवड्याला कामच आलं नाही, त्या आठवड्याचं भाडं कोण भरणार?"

सगळ्या एकदम शांत झाल्या. व्यापारीही जरा घुटमळला. "बघू, सांभाळून घेऊ," म्हणाला आणि चहा पिऊन गेला.

माझा भाचा टेक्स्टाइलचा अभ्यास करतो. सुट्टीत आला होता. त्याला हा प्रसंग सांगितला तर तो हसून म्हणाला, "मामी, मावशींचा हा प्रश्न फार जुना आहे. विणायच्या मशीनच्या इतिहासात तो पानोपानी आहे." मग काय, त्याची पुस्तकं घेऊन बसले. बी.ए.ला इतिहास होता माझा, पण त्यात राजे होते, लढाया होत्या. मोजे-स्वेटर कुठून असणार? वाचत गेले आणि थक्क झाले.

विणायचं पहिलं यंत्र तयार झालं १५८९ साली, इंग्लंडमध्ये. करणारा ना लोहार ना सुतार, तर विल्यम ली नावाचा धर्मोपदेशक. त्याच्या मनातली मुलगी भेटायला गेलं की मान खाली घालून मोजेच विणत बसायची, त्या रागातून त्याने यंत्र केलं, अशी एक दंतकथा आहे. खरं-खोटं देव जाणे! पण युक्ती बघा. हाताने विणताना सगळे टाके एका सुईवर रांगेत उभे असतात आणि आपण एकेकाला पुढे बोलावतो. लीने प्रत्येक टाक्याला स्वतःची सुई दिली. आकड्यासारख्या वाकवलेल्या सुयांची रांग, आणि त्या सगळ्यांची तोंडं एकदम दाबून मिटवणारी एक पट्टी. त्यामुळे टाका-टाका न विणता ओळच्या ओळ विणली जाऊ लागली.

एलिझाबेथ राणीने मात्र त्याला पेटंट दिलं नाही. हाताने मोजे विणून पोट भरणाऱ्या गोरगरिबांचं काय होईल, ही तिची काळजी होती, असं सांगतात. बिचारा ली फ्रान्सला गेला. तिथल्या राजाने आश्रय दिला, तर १६१० मध्ये त्या राजाचाच खून झाला. ली परदेशातच गेला. त्याचं यंत्र मात्र त्याच्या भावाने इंग्लंडला परत आणलं आणि ते घरोघर पोचलं.

पुढच्या सुधारणा वाचताना तर मला मावशींचीच मशीन डोळ्यापुढे येत होती. लीच्या यंत्रावर साधी सुलट वीण व्हायची. आपण स्वेटरच्या काठाला 'एक सुलट, एक उलट' घालतो ना, ताणला जाणारा आणि अंगाला धरून बसणारा, तो त्यावर जमत नसे. ते जमवलं जेडेडाया स्ट्रट या माणसाने, १७५८-५९ मध्ये. त्याने जुन्या यंत्राला सुयांची दुसरी रांग जोडली. या धंद्याला भांडवल मिळावं म्हणून लंडनला जाऊन खटपट केली ती त्याच्या बायकोने, तिचंही नाव एलिझाबेथच. वीण ओळखली जाते ती मात्र डर्बी गावाच्या नावाने आणि पेटंट नवऱ्याच्या. आपल्याला हे काही नवीन नाही, नाही का मैत्रिणींनो?

मग १८४०च्या दशकात लेस्टर गावच्या मॅथ्यू टाउनसेंडने सुईलाच जीभ बसवली. मावशींच्या मशीनची सुई जवळून बघितलीत तर टोकाशी ही इवलीशी हलणारी जीभ दिसेल. जुना टाका मागून सरकत येतो, तोच जिभेला ढकलून सुईचं तोंड मिटवतो आणि वरून निसटतो. दाबायला वेगळी पट्टी नको की काही नको. १८६३ मध्ये अमेरिकेतल्या आयझॅक लॅम्बने अशा जिभेच्या सुया दोन सपाट रांगांत बसवल्या आणि हाताने चालवायची मशीन केली. आमच्या मावशींच्या मशीनची ती पणजीच म्हणायची! पुढच्याच वर्षी, १८६४ मध्ये, विल्यम कॉटनने वाफेवर चालू शकेल असं यंत्र केलं. ते एका वेळी अनेक नग विणायचं आणि आकारासाठी लागणारे टाकेही आपोआप कमी करायचं. बगल नि गळा घटवताना आपण बोटांवर टाके मोजतो, ते काम लोखंडाने शिकून घेतलं. आता तर जपानमध्ये १९९५ पासून अशा मशीन आल्यात की अख्खा स्वेटर, बाह्यांसकट, बिनजोडाचा बाहेर पडतो.

इथपर्यंत सगळं कौतुकाचंच. पण भाचा म्हणाला, "मामी, आता पुढचं वाचा." आणि तिथे मला मावशींचा प्रश्न सापडला.

इंग्लंडच्या त्या विणकरांच्या घरात यंत्र होतं, पण बहुतेकांचं स्वतःचं नव्हतं. ते व्यापाऱ्याचं किंवा भांडवलवाल्याचं. दर आठवड्याला त्याचं भाडं मजुरीतून कापलं जायचं. काम पुरेसं असो वा नसो, भाडं चुकत नसे. नवरा यंत्रावर, बायको मोज्यांची शिलाई करणार, लेकरं सूत गुंडाळणार. सगळं घर राबायचं आणि आठवड्याच्या शेवटी हातात उरायचं थोडं. त्यात काही मालकांनी रुंद यंत्रांवर कापड विणून, त्यातून मोजे कापून शिवायला सुरुवात केली. माल स्वस्त, पण शिवण उसवली की सगळा मोजा उलगडायचा. चांगल्या कारागिराची मजुरी त्याने आणखी पडली. १८११ मध्ये नॉटिंगहॅमच्या भागात लोक रात्री घराघरांत शिरून यंत्रं फोडू लागले. सरकारने १८१२ मध्ये यंत्र फोडणाऱ्याला फाशीची शिक्षा ठेवली. प्रसिद्ध कवी बायरनने त्याविरुद्ध संसदेत भाषण केलं, पण उपयोग झाला नाही.

या लोकांना आपण सहज 'प्रगतीचे शत्रू' म्हणून मोकळे होतो. पण तशीच यंत्रं त्यांच्या बापजाद्यांनी दोनशे वर्षं चालवली होती! राग यंत्रावर नव्हता. भाडं, पडलेली मजुरी आणि खराब माल यांचा तो राग होता. मजुरीतून यंत्राचं भाडं कापायला कायद्याने बंदी आली ती थेट १८७४ साली. म्हणजे यंत्रात सुधारणा भराभर झाल्या, पण त्याच्या हिशेबात सुधारणा व्हायला पावणेतीनशे वर्षं लागली.

पुढच्या बैठकीत मी हे सगळं बायकांना सांगितलं. एक जण पटकन म्हणाली, "म्हणजे ताई, त्या गोऱ्या बायकांचं नि आपलं सारखंच की!" मग खूप वेळ चर्चा झाली. शेवटी गटाची बचत आणि थोडं बँकेचं कर्ज घालून दोन जुन्या हातमशीन गटाच्या नावावर घ्यायचं ठरलं. व्यापाऱ्याला निरोप धाडला, की माल देऊ, पण नगावर मजुरी घेऊ. त्याने आधी तोंड वाकडं केलं, मग थोडं काम दिलं. सगळं नाही.

दोघींनी मात्र त्याच्या मशीन भाड्याने घेतल्याच. त्यांना दोष कसा देऊ? कर्ज मंजूर होईपर्यंत थांबण्याइतका दम त्यांच्या घरात नव्हता. पण गटाने त्यांच्यासाठी व्यापाऱ्याकडून एक गोष्ट कागदावर लिहून घेतली. ज्या आठवड्याला काम नाही, त्या आठवड्याचं भाडं नाही.

आणखी एक झालं. सुईची जीभ वाकली की टाका सुटतो, आणि कारागीर यायला चार दिवस लागतात. आता मावशी दुपारी दोन पोरींना सुई बदलायला शिकवतात. मशीन आपली असून दुरुस्ती दुसऱ्याच्या हातात असेल, तर ती अर्धीच आपली, असं त्यांचं म्हणणं.

मैत्रिणींनो, तुमच्याही गावात कोणी शिलाईची, पापडाची, पत्रावळीची मशीन घेऊन दारात येईल. ती चांगलीच असेल, काम हलकं करणारी असेल. तिला घाबरू नका. फक्त चहा द्यायच्या आधी विचारा. मशीन कोणाच्या नावावर? काम नसेल तेव्हा काय? बिघडली तर खर्च कोणाचा? आणि मजुरी नगावर की मर्जीवर?

मावशींच्या ओसरीतून आत्ताही आवाज येतोय. सर्रर्र... खट्! यंदा त्या आवाजाला जोडीला आणखी दोन आवाज आहेत.