पॅराबेन नसलेला फेसवॉश निवडताना

बाटलीवर पुढे ठळक अक्षरांत काय छापलंय ते सोडा. मागची घटकांची बारीक यादी वाचा. मिथाइलपॅराबेन, प्रोपिलपॅराबेन अशी नावं बहुधा यादीच्या शेवटाकडे सापडतात. युरोपीय संघाने 2014मध्ये पाच पॅराबेनांवर बंदी घातली, पण मिथाइलपॅराबेनला ठरावीक मर्यादेत परवानगी आहे. म्हणजे सगळी पॅराबेनं एका माळेचे मणी नव्हेत.

खरी मेख पुढे आहे. फेसवॉशमध्ये पाणी असतं, त्यामुळे जंतू रोखायला काहीतरी घालावंच लागतं. पॅराबेनऐवजी मिथाइलआयसोथायाझोलिनोन असेल, तर त्याची अ‍ॅलर्जी पॅराबेनपेक्षा कितीतरी जास्त जणांना होते. त्यापेक्षा फिनॉक्सीइथेनॉल किंवा सोडियम बेन्झोएट बरं. साबणाच्या वडीत पाणी कमी, म्हणून तिला सहसा असं काही लागत नाही. मात्र कोरड्या त्वचेला ती जाचते.